स्पॅनिशमध्ये मनाई कशी करावी: कोकणातल्या शिकणाऱ्यांसाठी सविस्तर मार्गदर्शन

कोकण किनाऱ्यावर स्पॅनिश शिकायला येणाऱ्यांत दोन प्रकारची माणसे प्रामुख्याने दिसतात. पहिली म्हणजे श्रीवर्धनपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या गावांतून मर्चंट नेव्हीत किंवा क्रूझवर नोकरीला जाणारी मुले, ज्यांचे जहाज पुढे वालेन्सिया, आल्हेसीरास, बेराक्रूस, कार्ताहेना किंवा कायाओ अशा बंदराला लागते. दुसरी म्हणजे तारकर्ली, गुहागर, वेळास अशा ठिकाणी घरगुती निवास चालवणारी किंवा पर्यटकांना किनारा दाखवणारी मंडळी. जहाजावरचे कामकाज बहुधा इंग्रजीत चालते, पण धक्क्यावरचा पहारेकरी, क्रेनवाला आणि भिंतीवरची पाटी त्यांच्या देशाच्याच भाषेत बोलतात. अभ्यासक्रम ओळख, कुटुंब आणि जेवणखाण यांपासून सुरू होतात. मनाईचा धडा मात्र फार उशिरा येतो, कारण त्यासाठी लागणारे क्रियापदाचे रूप अवघड मानले जाते. मला हा क्रम पटत नाही. काय करू नये हे समजणे आणि ते दुसऱ्याला सभ्यपणे सांगता येणे, याची गरज पहिल्या दिवसापासून पडते, आणि मराठी माणसाला हा विषय वाटतो तितका परका नाही.

कोण कोणाला सांगतो आहे, हे आधी ठरवा

आपल्याकडच्या किनाऱ्यावर एकच गोष्ट किती तऱ्हांनी सांगितली जाते ते पाहा. ग्रामपंचायतीच्या फलकावर ‘समुद्रात पोहण्यास सक्त मनाई आहे’ असे असते, देवस्थानाच्या पाटीवर ‘येथे पोहू नये’ असे असते, जीवरक्षक पर्यटकाला ‘पोहू नका’ म्हणतो, आई मुलाला ‘पुढे जाऊ नकोस’ म्हणते, आणि आजी ‘भरतीच्या वेळी पाण्यात जायचं नसतं’ म्हणते. अर्थ एकच असला तरी बोलणारा आणि ऐकणारा बदलला की रूप बदलते. स्पॅनिशमध्येही नेमके असेच आहे. त्यामुळे वाक्य जुळवायला बसण्यापूर्वी शिकणाऱ्याने स्वतःला विचारावे की आपण फलक लिहितो आहोत, अनोळखी मोठ्या माणसाशी बोलतो आहोत, मित्राशी बोलतो आहोत की एखादी रीत सांगतो आहोत. या प्रश्नाचे उत्तर मिळाले की निम्मे व्याकरण आपोआप सुटते.

उच्चाराबद्दल येथेच थोडे सांगतो. स्पॅनिशमधला ‘त’ आणि ‘द’ आपल्या ‘त’ आणि ‘द’सारखाच दाताला जीभ लावून म्हणायचा असतो, इंग्रजीच्या सवयीने तो ‘ट’ किंवा ‘ड’ करू नये. ‘एच’ हे अक्षर लिहिले जाते, पण उच्चारले जात नाही. शब्दाच्या शेवटी स्वर, ‘न’ किंवा ‘स’ असेल तर जोर शेवटून दुसऱ्या अक्षरावर येतो, इतर वेळी शेवटच्या अक्षरावर येतो, आणि स्वरावर तिरकी रेघ दिसली तर हे दोन्ही नियम बाजूला ठेवून तिथेच जोर द्यायचा असतो.

पहिली पायरी: पाटी वाचता आणि लिहिता येणे

सर्वांत सोपा साचा म्हणजे ‘प्रोइबीदो’ आणि त्यापुढे क्रियापदाचे मूळ रूप. ‘प्रोइबीदो फुमार’ म्हणजे धूम्रपानास मनाई, ‘प्रोइबीदो पेस्कार’ म्हणजे मासेमारीस मनाई, ‘प्रोइबीदो बान्यार्से’ म्हणजे पाण्यात उतरण्यास मनाई, आणि खलाशांनी आवर्जून लक्षात ठेवावे असे ‘प्रोइबीदो फोन्देआर’ म्हणजे नांगर टाकण्यास मनाई. मूळ रूप शब्दकोशात जसे सापडते तसेच ठेवायचे असते, त्यामुळे एकही रूप न चालवता नवशिका माणूस पहिल्याच दिवशी दहावीस पाट्या लिहू शकतो.

क्रियापदाऐवजी नाम आले की मात्र लिंग आणि वचन पाहावे लागते. ‘पासो’ म्हणजे वाट किंवा जाणे-येणे, हा शब्द पुल्लिंगी आहे, म्हणून ‘प्रोइबीदो एल पासो’. ‘एन्त्रादा’ म्हणजे प्रवेश, हा शब्द स्त्रीलिंगी आहे, म्हणून ‘प्रोइबीदा ला एन्त्रादा’. आपण ‘बंद केलेला रस्ता’ आणि ‘बंद केलेली वाट’ म्हणतो तसेच हे आहे. बांधकामाच्या जागी स्पेनमध्ये हमखास दिसणारा फलक असा असतो: ‘प्रोइबीदा ला एन्त्रादा आ तोदा पेर्सोना आहेना आ ला ओब्रा’, म्हणजे कामाशी संबंध नसलेल्या कोणत्याही व्यक्तीस प्रवेश नाही. एवढे लांब वाक्य पाहून घाबरू नये. पहिल्या तीन शब्दांतच निर्णय झालेला असतो.

याहून आटोपशीर साचा म्हणजे ‘नो’ आणि मूळ रूप: ‘नो फुमार’, ‘नो तोकार’ (हात लावू नये), ‘नो पिसार एल सेस्पेद’ (हिरवळीवर चालू नये). हे रूप आपल्या ‘नये’च्या अगदी जवळचे आहे, कारण दोन्हीकडे समोर कोणी विशिष्ट माणूस नसतो. म्हणूनच ते पाटीवर शोभते; समोर उभ्या असलेल्या माणसाला तोंडावर ‘नो तोकार’ म्हणणे चांगल्या स्पॅनिशमध्ये बसत नाही.

काही पाट्यांत मनाईचा शब्दच नसतो, आणि अशा पाट्या जास्त फसवतात. ‘सोलो पेर्सोनाल आउतोरिसादो’ म्हणजे फक्त अधिकृत कर्मचाऱ्यांसाठी. यात ‘नो’ नाही, तरी बाकी सर्वांना आत जाण्यास बंदीच आहे. स्पेनमध्ये घराच्या किंवा गोदामाच्या दारावर ‘बादो पेर्मानेन्ते’ असा फलक असेल तर तिथे कधीही गाडी लावायची नसते. गाडी लावण्यासाठी स्पेनमध्ये ‘आपार्कार’ हे क्रियापद चालते, तर लॅटिन अमेरिकेत बहुतेक ठिकाणी ‘एस्तासिओनार’ दिसते, म्हणून दोन्ही पाठ असू द्यावीत. समुद्रकिनाऱ्यावर ‘बान्देरा रोहा’, म्हणजे लाल बावटा, लागला असेल तर एकही अक्षर लिहिलेले नसले तरी स्पेनमध्ये पाण्यात उतरण्यास मनाई असते.

दुसरी पायरी: नियम पूर्ण वाक्यात सांगणे

फलकावरची तुटक भाषा सोडून पूर्ण वाक्य करायचे झाले तर तीन साचे पुरेसे आहेत. ‘एस्ता प्रोइबीदो’ म्हणजे मनाई आहे. मराठीतल्या एका ‘आहे’साठी स्पॅनिशमध्ये ‘एस’ आणि ‘एस्ता’ अशी दोन क्रियापदे येतात, आणि येथे नेहमी ‘एस्ता’च लागते, ‘एस प्रोइबीदो’ ही नवशिक्यांची फार सार्वत्रिक चूक आहे. दुसरा साचा ‘से प्रोईबे’, म्हणजे मनाई केली जाते. यात ‘ई’वर जोर येतो आणि लिहिताना त्या ‘आय’वर तिरकी रेघ द्यावी लागते. तिसरा आणि रोजच्या बोलण्यात सर्वांत उपयोगी साचा म्हणजे ‘नो से प्वेदे’. ‘नो से प्वेदे पासार’ म्हणजे इकडून जाता येत नाही. ज्याच्यापुढे अधिकार गाजवायचा नाही, पण नियम तर सांगायचा आहे, अशा पाहुण्याशी बोलताना हाच साचा वापरावा, कारण त्यात दोष कोणावर येत नाही.

कायद्याच्या आणि आदेशाच्या भाषेत ‘केदा प्रोइबीदो’ असे येते, आणि आपल्या ‘सक्त मनाई’चा जोर हवा असेल तर ‘केदा तेर्मिनान्तेमेन्ते प्रोइबीदो’ असे लिहितात. हे वाचता आले म्हणजे झाले. बोलण्यात याची गरज पडत नाही.

किनाऱ्यावरच्या वाचकांना आणखी एक शब्द माहीत असावा, तो म्हणजे ‘बेदा’. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते; अशा ठरावीक मुदतीच्या शिकारबंदीला किंवा मासेमारीबंदीला स्पॅनिशमध्ये ‘बेदा’ म्हणतात. पेरूमध्ये आन्चोबेता या मासळीसाठी असा काळ जाहीर होतो. ‘दुरान्ते ला बेदा एस्ता प्रोइबीदो पेस्कार’ (बेदाच्या काळात मासेमारीस मनाई आहे) हे वाक्य मिरकरवाडा बंदरात उभे राहून जितके खरे आहे तितकेच कायाओच्या धक्क्यावरही खरे असते.

तिसरी पायरी: समोरच्या माणसाला सांगणे

येथे खरी मेहनत आहे, म्हणून येथेच जास्त वेळ द्यावा. मराठीत ‘बोल’ या आज्ञेचे नकारार्थी रूप ‘बोल नको’ असे होत नाही, ‘बोलू नको’ असे होते. नकार येताच क्रियापद आपले रूप बदलते. स्पॅनिशमध्येही आज्ञेला नुसता ‘नो’ जोडून भागत नाही. ‘आब्ला’ म्हणजे बोल, पण बोलू नकोस म्हणजे ‘नो आब्लेस’. जर कोणी ‘नो आब्ला’ म्हणाला तर त्याचा अर्थ ‘तो बोलत नाही’ असा होतो, म्हणजे मनाई नाहीशी होऊन ते साधे विधान उरते. धक्क्यावर एखाद्याला तापलेल्या नळीपासून दूर ठेवायचे असताना ही गफलत परवडणारी नाही.

रूप करण्याची रीत अशी आहे. क्रियापदाचे ‘मी’चे वर्तमानकाळी रूप घ्यावे, त्याच्या शेवटचा ‘ओ’ काढावा, आणि मूळ रूप ‘आर’ने संपत असेल तर ‘ए’, ‘एर’ किंवा ‘इर’ने संपत असेल तर ‘आ’ लावावा. थोडक्यात, स्वरांची अदलाबदल होते. त्यावर ‘तू’साठी ‘स’ चढतो, आदरार्थी एका माणसासाठी काहीच चढत नाही, आणि अनेकांसाठी ‘न’ चढतो. ‘आब्लार’पासून नो आब्लेस, नो आब्ले, नो आब्लेन, ‘कोमेर’ (खाणे) पासून नो कोमास, नो कोमा, नो कोमान, ‘सुबीर’ (वर चढणे) पासून नो सुबास, नो सुबा, नो सुबान. मराठीतल्या नकोस आणि नका या जोडीची सवय असल्यामुळे ‘तू’ आणि ‘उस्तेद’ (आदरार्थी ‘तुम्ही’) यांतला फरक आपल्याला समजावून सांगावा लागत नाही. फक्त आपले ‘नका’ एका आदरणीय माणसालाही चालते आणि अनेकांनाही चालते, तर स्पॅनिशमध्ये त्यासाठी ‘आब्ले’ आणि ‘आब्लेन’ अशी दोन वेगळी रूपे आहेत. स्पेनमध्ये ओळखीच्या अनेकांशी बोलताना ‘नो आब्लेइस’ असेही ऐकू येते. लॅटिन अमेरिकेत ते चालत नाही, म्हणून ते ओळखता यावे, पण स्वतः ‘आब्लेन’च वापरावे.

‘मी’चे रूप का घ्यायचे, याचे कारण अनियमित क्रियापदांत कळते. बाहेर पडणे या अर्थाच्या ‘सालीर’चे ‘मी’चे रूप ‘साल्गो’ आहे, म्हणून ‘नो साल्गास’. करणे या अर्थाच्या ‘आसेर’चे ‘आगो’, म्हणून ‘नो आगास’. ठेवणे या अर्थाच्या ‘पोनेर’चे ‘पोंगो’, म्हणून ‘नो पोंगास’. या रीतीत न बसणारी क्रियापदे मोजकी आहेत, आणि मनाईच्या कामाची त्यांतली चार सरळ पाठ करावीत: जाणे याचे ‘नो बायास’, असणे याची ‘नो सेआस’ आणि ‘नो एस्तेस’, देणे याचे ‘नो देस’.

लिहिताना आणखी एक काळजी घ्यावी लागते. ‘तोकार’पासून होणारे ‘नो तोकेस’ देवनागरीत सरळ दिसते, कारण ‘क’ तो ‘क’च राहतो, पण स्पॅनिश लिपीत ‘सी’पुढे ‘ई’ आला की उच्चार ‘स’सारखा होतो, म्हणून ‘सी’ काढून ‘क्यू’ आणि ‘यू’ लिहितात. ‘पेस्कार’चे ‘नो पेस्केस’ याच नियमाने लिहायचे. ‘पागार’ (पैसे देणे) याचे ‘नो पागेस’ लिहिताना ‘जी’नंतर ‘यू’ घालतात. कान बरोबर असला तरी हात येथे चुकतो, म्हणून ही रूपे लिहूनच घोटावीत.

सर्वनामे कुठे बसतात

होकारार्थी आज्ञेत सर्वनाम क्रियापदाच्या मागे चिकटते आणि मनाईत ते ‘नो’ आणि क्रियापद यांच्या मधे येते. ‘तोकालो’ म्हणजे त्याला हात लाव. ‘नो लो तोकेस’ म्हणजे त्याला हात लावू नकोस. ‘नो ते बान्येस आकी’ म्हणजे इथे पाण्यात उतरू नकोस, आणि आदराने म्हणायचे तर ‘नो से बान्ये आकी’. तसेच मनाईत ‘काही’ आणि ‘कोणी’ यांच्याऐवजी नकारार्थीच शब्द येतात: ‘नो तोके नादा’ म्हणजे कशालाही हात लावू नका. दोन नकार आले म्हणून होकार होत नाही. आपणही ‘कुणी काहीच बोलू नका’ म्हणतोच.

एक फलक आणि तीन आवाज

मंडणगड तालुक्यातल्या वेळासला ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले समुद्रात जाताना पाहायला पर्यटक येतात. पिल्ले उजेडाच्या दिशेने वळतात, त्यामुळे विजेऱ्या आणि फ्लॅश यांनी त्यांची वाट चुकते, आणि वाळूवर बेफिकिरीने चालणाऱ्याच्या पायाखाली घरटे येऊ शकते. अशा ठिकाणी स्पॅनिश बोलणारा गट आला तर मार्गदर्शकाने काय लिहावे आणि काय बोलावे, हे नीट पाहू.

फलकावर मूळ रूपे लिहावीत: ‘प्रोइबीदो उसार फ्लाश’, ‘नो एन्सेन्देर लिंतेर्नास’ (विजेऱ्या लावू नयेत), ‘नो तोकार लास क्रीआस’ (पिल्लांना हात लावू नये), ‘नो पिसार ला सोना दे लोस नीदोस’ (घरट्यांच्या जागेत पाय ठेवू नये). फलक एवढाच असावा. कारणे लिहीत बसल्यास काळोखात ती कोणी वाचत नाही.

गटापुढे उभे राहून बोलताना हीच चार वाक्ये अनेकांसाठीच्या रूपात जातात आणि आधी ‘पोर फाबोर’, म्हणजे कृपया, येते: ‘पोर फाबोर, नो उसेन फ्लाश, नो एन्सिएन्दान लिंतेर्नास, नो तोकेन लास क्रीआस, नो पिसेन ला सोना दे लोस नीदोस’. ‘एन्सेन्देर’चे ‘मी’चे रूप ‘एन्सिएन्दो’ आहे, म्हणून मधला स्वर पसरून ‘एन्सिएन्दान’ झाला आहे. बाकी तिन्ही ‘आर’ची क्रियापदे असल्याने त्यांत ‘ए’ आला आहे.

गटातल्या एखाद्या लहान मुलाने हात पुढे केला तर ‘नो लास तोकेस’ म्हणता येते, पण त्याहून चांगले वाक्य आहे: ‘लास तोर्तूगास नो से तोकान’. म्हणजे कासवांना हात लावायचा नसतो. स्पॅनिश घरांत मुलांना वळण लावताना हाच साचा सतत वापरतात: ‘एसो नो से आसे’ (असं करायचं नसतं), ‘एसो नो से दीसे’ (असं बोलायचं नसतं). आपल्या आज्यांच्या ‘नसतं’मधली समजूत आणि ठामपणा या ‘से’मध्ये जसाच्या तसा आहे, आणि मुलाचा अपमान न होता त्याला जगाची रीत कळते. स्पॅनिशमधल्या सगळ्या मनाईवाक्यांत मला हा साचा सर्वांत मोलाचा वाटतो, तरी सुरुवातीच्या धड्यांत तो क्वचितच भेटतो.

मनाई आणि गरज नसणे यांतला फरक

‘नो देबे पागार’ म्हणजे तुम्ही पैसे देता कामा नये. ‘नो तिएने के पागार’ म्हणजे तुम्हाला पैसे द्यावे लागत नाहीत. दुसऱ्या वाक्यात मनाई मुळीच नाही, फक्त सक्ती नाही. (‘पागार’ लक्षात ठेवायला सोपे आहे, कारण आपला ‘पगार’ पोर्तुगीजमधल्या याच शब्दावरून आला.) जहाजावर हा फरक जिवाशी येऊ शकतो: ‘नो तिएने के एन्त्रार’ म्हणजे आत जाण्याची आवश्यकता नाही, आणि ‘नो देबे एन्त्रार’ म्हणजे आत जाऊ नये. बंद टाकीपाशी उभ्या असलेल्या माणसाला पहिले वाक्य सांगितले तर तो आत जायला मोकळा आहे. ‘नो आइ के’ हा तिसरा साचा संदर्भाप्रमाणे दोन्ही अर्थ देतो, म्हणून नवशिक्याने तो सुरक्षिततेच्या बाबतीत वापरूच नये.

दुसऱ्याने केलेली मनाई सांगणे

‘मला बाहेर जाऊ देत नाहीत’ हे ‘नो मे देहान सालीर’ असे होते. मराठीतल्या ‘जाऊ देणे’ची जागा ‘देहार’ घेते आणि पुढे मूळ रूप येते. भूतकाळात ‘नो मे देहारोन एन्त्रार’, म्हणजे मला आत जाऊ दिले नाही. ‘प्रोइबीर’ वापरायचे असेल तर ‘ते प्रोईबो सालीर’ आणि ‘ते प्रोईबो के साल्गास’ ही दोन्ही बरोबर आहेत. ‘के’ आला की तिसऱ्या पायरीत शिकलेली रूपेच पुन्हा लागतात. ‘एल कापितान नो पेर्मीते के फुमेमोस एन कुबिएर्ता’ म्हणजे कप्तान आम्हाला डेकवर धूम्रपान करू देत नाही. म्हणजे ती रूपे घोटण्यात घातलेला वेळ केवळ मनाईपुरता राहत नाही.

सौम्य शब्दांत नकार

घरगुती निवासात पाहुण्याला थेट ‘नो फूमे’ म्हणणे व्याकरणात बरोबर असले तरी रूक्ष वाटते. ‘लो सिएंतो, आकी नो से प्वेदे फुमार’ (माफ करा, इथे धूम्रपान करता येत नाही) हे वाक्य तेच काम आदराने करते. लिहून लावायचे असेल तर ‘से र्वेगा नो फुमार’, म्हणजे धूम्रपान न करण्याची विनंती आहे. मेक्सिकोत त्याऐवजी ‘फाबोर दे नो फुमार’ हे फार प्रचलित आहे. धोका समोर असेल तेव्हा मात्र विनंतीची भाषा पूर्णपणे सोडावी आणि ‘नो पासे!’ (पुढे येऊ नका) एवढेच मोठ्याने म्हणावे.

सराव कसा करावा

आपल्या गावातल्या पाट्या हेच उत्तम पाठ्यपुस्तक आहे. जेट्टी, बस स्थानक, देऊळ, किल्ल्याचा दरवाजा, पेट्रोल पंप अशा ठिकाणच्या मनाईच्या पाट्या वहीत उतरवून घ्याव्यात आणि प्रत्येकीची चार रूपे लिहावीत: एक फलकासाठी, एक ‘नो से प्वेदे’ने, एक उस्तेदसाठी आणि एक ‘तू’साठी. मग वही मिटून चारही मोठ्याने म्हणावीत. नवे क्रियापद शिकताना त्याचे मूळ रूप, ‘मी’चे रूप आणि मनाईचे रूप अशी तिन्ही एकत्रच टिपून ठेवावीत.

याच्या जोडीला विचारण्याचे वाक्यही शिकून घ्यावे, कारण अनोळखी बंदरात सगळ्याच मनाया पाटीवर लिहिलेल्या नसतात. ‘से प्वेदे पासार पोर आकी?’ म्हणजे इथून जाता येईल का, आणि ‘एस्ता पेर्मितीदो साकार फोतोस?’ म्हणजे छायाचित्रे काढायला परवानगी आहे का. उत्तर बहुधा ‘सी’ किंवा ‘नो, नो से प्वेदे’ असे येते. यातला पहिला ‘नो’ प्रश्नाचे उत्तर आहे आणि दुसरा क्रियापदाचा नकार आहे, म्हणून बोलताना दोहोंच्या मधे क्षणभर थांबावे आणि लिहिताना स्वल्पविराम द्यावा.